वाद्यं किती?

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडे तू ठीक आहेस आणि वहिनी नाही, हे पाकीट हातात आल्याबरोबर कळलं. पत्ता नेहमी ती घालते, या वेळी तुझे कोंबडीचे पाय होते. म्हणजे तिचा गुडघा पुन्हा धरला. तिला सांग, जिना चढणं-उतरणं आठ दिवस बंद, आणि तू वर बसून हाका मारणंही बंद. तिने खालून दिलेली ओ तुला ऐकू येत नाही, म्हणून ती दर वेळी वर येते, हे मला माहीत आहे.

आता तुझ्या तक्रारीकडे वळते. मंगळवारच्या भागात थोरली सून सासऱ्यांच्या खोलीत एकटी उभी असते, एकदम दचकते, वळते आणि थेट कपाटाचा खण उघडते. खणात सासऱ्यांचं मनगटी घड्याळ आणि त्याखाली ती चिठ्ठी. खाली मी कंसात ‘शांतता’ असं घातलंय. तुझा प्रश्न असा, की शांतता होती तर बाई दचकली कशाला? दादा, हा प्रश्न मला नको विचारूस, लिहिणाऱ्याला विचार. हल्लीच्या मालिकांत माणसं अशीच वागतात. बसल्या जागेवरून उठतात आणि दार उघडतात, तर दारात कोणीतरी उभं. बेल नाही, टकटक नाही. बोलता बोलता उठून खिडकीशी जातात. कधी बाळाकडे ढुंकून न बघणारी आत्या एकदम पाळण्याकडे धावते. कारण द्यायचं नाही, नुसतं धावायचं. आपल्या वेळी निदान दार वाजायचं तरी.

वहिनीच्या बहिणीला माझं काम कळत नाही म्हणतोस. तिला असं सांग: दुसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची खोली, कानांवर हेडफोन, समोर दोन पडदे. एका पडद्यावर मालिका, दुसऱ्यावर माझी अक्षरं. लोक बोलतात ते ऐकून मी खाली लिहिते, आणि जे वाजतं ते कंसात लिहिते, तुझ्यासारख्यांना वाचता यावं म्हणून. तुझे कान गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, मी या खुर्चीत बसले त्याला सतरा. का बसले ते तिला सांगू नकोस. ती लगेच रडते आणि मग वहिनीला तिला आवरावं लागतं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे माझ्या साहेब, अजून तेच म्हणतात की कंसात नुसतं ‘संगीत’ लिही, फार तर ‘दुःखी संगीत’. सतरा वर्षं मी ऐकलं नाही. तू मला पहिल्याच वर्षी लिहिलं होतंस की ‘दुःखी संगीत’ वाचून काहीच दुःख होत नाही, ‘लांब कुठेतरी एकटं व्हायोलिन’ वाचून होतं. तेव्हापासून मी कंसात काय लिहायचं ते तुझ्याकडे बघून लिहिते. माझ्या कामाचा खरा तपासनीस तूच आहेस, म्हणून तुझ्या तक्रारीचा राग येतो.

सिनेमा पाहिला एक. तो बोटीवरचा, ज्याची सगळीकडे वाहवा चालली आहे. नायक अडीच तास तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलतो. नायिका त्याच्याहून वरताण, ती तर ओठच हलवत नाही. शेवटी एक भाऊ दुसऱ्या भावाच्या कानाशी काहीतरी फार मोलाचं बोलतो आणि सगळं थिएटर मुसमुसायला लागतं. काय बोलतो ते त्यालाच ठाऊक. पूर्वीच्या नटांचा एकेक शब्द शेवटच्या रांगेत नाणं पडल्यासारखा वाजायचा. आता कुजबुजण्यालाच अभिनय म्हणतात. आमची कन्या म्हणाली, “आई, स्पष्ट तर बोलतोय.” सोळाव्या वर्षी सगळंच स्पष्ट असतं.

ती गाण्यांची स्पर्धाही चालू आहे टीव्हीवर. स्पर्धक रडतो, त्याची आई रडते, परीक्षक रडतात. गाणं बिचारं एका कोपऱ्यात उभं असतं.

आणि त्या जांभळ्या केसांच्या मुलीबद्दल तू विचारलंस. तिचं गाणं आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ चालू आहे. कन्येच्या खोलीचं दार बंद असलं तरी भिंत हलते. खाली एक धडधड, मध्ये एक घरघर, वर तिचा आवाज, आणि कधीतरी टाळ्या. बाकी शुकशुकाट. बासरी नाही, तारा नाहीत, एक साधी घंटी नाही. अकरा वाद्यांच्या गाण्यावर वाढलेल्या माणसाने यावर कसं भागवायचं ते सांग. मला अजून आठवतं, रेडिओकडे पाठ करून तू मला बसवायचास. “डोळे मिट. वाद्यं किती?” मी सात वर्षांची होते, तू पंधरा. ते गाणं फक्त रविवारी सकाळी लागायचं. पहिल्या रविवारी माझी सात झाली, तुझी नऊ. दुसऱ्या रविवारी तू दहा केलीस. आणि तिसऱ्या रविवारी शेवटच्या कडव्याच्या आधी तू माझा हात दाबलास. तो लोखंडी त्रिकोण. सबंध गाण्यात एकदाच वाजतो, टिंग. तो वाजवणाऱ्याने किती वेळ वाट पाहिली असेल, असं तू म्हणाला होतास.

मोबाईलवर लिहिलं तर तू रुसतोस, म्हणून एवढं हाताने लिहिलं. “तिथे तू दोन ओळींत उरकतेस आणि खाली पिवळं तोंड चिकटवतेस,” हे तुझं वाक्य मी विसरलेले नाही. उत्तर लवकर दे. नेहमीप्रमाणे शेवटी:

गाणं: जांभळ्या केसांच्या मुलीचं. वाद्यं: चार. शेरा: ऐकायला मुकलास असं वाटून घेऊ नकोस.

तुझे कान,
धाकटी


१९ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, ओळ. “हल्लीच्या गाण्यांत व्हायोलिनच ठेवत नाहीत, असं मीही म्हणत होतो. कान दाखव.” याला पत्र म्हणत नाहीत, तार म्हणतात, आणि तार माणूस गेल्यावर करतात.

तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर भांडण झालं असतं. ते आता करते.

नवी गाणी न आवडणारा प्रत्येक माणूस बहिरा असेल, तर पन्नाशीपुढचं सगळं जग बहिरं म्हणायला हवं. मला ती गाणी आवडत नाहीत, बस. मला मत असू नये का? तुला सुरांची बाराखडी शिकवणाऱ्या मास्तरांनासुद्धा तुझी गाणी थिल्लर वाटायची, त्यांच्या कानात काय बिघडलं होतं? बाबांचं नाव तू काढलेलं नाहीस, पण कागदाच्या मागे ते उभे आहेत हे मला दिसतं. बातम्या देणाऱ्या बाईला बोलता येत नाही, असं ते म्हणायचे आणि आवाज वाढवायचे. मग शेजारचे काका दाराशी येऊन म्हणायचे की आम्हाला दोनदा बातम्या ऐकाव्या लागतात. बाबा सत्तरीचे होते. मी पन्नाशीची आहे. मला बाबांच्या रांगेत बसवू नकोस.

इकडची हकीकत अशी. मोठ्या बाईंनी मला परवा आत बोलावलं. टेबलावर सात पत्रं होती. सातही त्या मंगळवारच्या भागाबद्दल. मला आधी वाटलं तूच सात नावांनी लिहिलीस, पण अक्षर बरं होतं. ऐकू न येणाऱ्या सात घरांतून एकच प्रश्न आला होता: शांतता होती तर थोरली सून दचकली कशाला? बाई म्हणाल्या, खणातलं घड्याळ वाजत होतं. सासऱ्यांच्या गोळीची वेळ झाली की ते पिक पिक करायचं, हे तीस भागांपूर्वी दाखवलेलं आहे. सासरे गेले, घड्याळ वाजत राहिलं, आणि त्यावरून तिला चिठ्ठी सापडली. सगळी मालिका त्या पिक पिकवर उभी आहे आणि मी खाली ‘शांतता’ लिहून मोकळी झाले.

त्यांनी मला तो तुकडा लावून दाखवला. हेडफोन दिले. पडद्याच्या तळाशी आवाजाची हिरवी रेघ असते, आवाज झाला की ती उडी मारते. सून उभी होती. रेघेने उडी मारली. पुन्हा मारली. नऊ वेळा मारली, मी मोजल्या. मी मान हलवून म्हणाले, “हो की. त्या दिवशी मला फार सर्दी होती.” बाईंनी तुकडा बंद केला. मग म्हणाल्या, “थोडे दिवस सुट्टी घेतेस का?” मी नको म्हणाले.

सर्दी खरंच होती. हेडफोनही जुने झाले आहेत, उजव्या बाजूची वायर सैल आहे. मी नवे मागितले आहेत.

असो. कन्येबरोबर सिनेमा पाहिला, हट्टाने नेलं तिने मला. डोंगरातल्या बापलेकीचा. तुला नक्की आवडेल, कारण शेवटची चार मिनिटं कोणी बोलत नाही. मुलगी पाठमोरी चालत जाते, बाप अंगणात उभा राहतो, आणि दिग्दर्शकाने तिथे संगीत ठेवलेलंच नाही. पूर्ण शांतता. मी बाहेर आल्यावर म्हटलं, अखेर एकाला तरी गप्प बसायचं धाडस झालं. कन्या माझ्याकडे बघतच राहिली. “आई, मुलगी गुणगुणत होती ना. बापाने शिकवलेलं. तिचा आवाज बारीक बारीक होत गेला, म्हणून तर मी रडले.”

मी म्हटलं, ते सोडून बोलतेय मी. तिला ते पटलं असावं. आम्ही पायऱ्या उतरलो, ती पुढे, मी मागे. खाली येईपर्यंत ती काहीतरी बोलत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघून हो हो म्हणत होते.

वहिनीचा गुडघा कसा आहे ते तू लिहिलेलं नाहीस. माझे कान सोडून तिच्या गुडघ्याकडे बघ.

गाणं: त्या डोंगराच्या सिनेमातलं, श्रेयनामावलीत वाजणारं. वाद्यं: नऊ. बघ, नऊ. पियानो, गिटार, दोन व्हायोलिन, बासरी, ड्रम, पाण्याने भरलेल्या पेल्यांसारखं काहीतरी, घंट्यांची माळ, आणि शेवटी तोंडाने वाजवलेली शीळ. शेरा: आता बोल.

तुझे कान,
धाकटी


२ जून

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत तू कानांचा विषय काढला नाहीस. गुडघा, घरातल्या नळाचं गळणारं तोंड, वहिनीने वाचायला घेतलेली रहस्यकथा, सगळं लिहिलंस. तू विषय टाळतोस तेव्हा तुझं अक्षर सुधारतं. मीही टाळणार होते. तीन कागद लिहून फाडले. नव्या मालिकेवर एक अख्खं पान झालं होतं, चांगलं जमलं होतं, तेही फाडलं.

ती नऊ वाद्यं माझी नव्हती. कन्येची होती. मी स्वयंपाकघरात तिच्याशी सहज बोलल्यासारखं विचारलं, की त्या गाण्यात काय काय वाजतं गं, आणि भाजी चिरता चिरता पाठ केलं. मला पियानो, गिटार आणि ड्रम ऐकू आले होते. तिनाची नऊ करून तुझ्या तोंडावर मारली.

आता सगळंच सांगते. गेलं वर्षभर मी कानांनी काम करत नाही, त्या हिरव्या रेघेवर करते. रेघ उडाली आणि मला काही ऐकू आलं नाही, की मी नटांच्या तोंडाकडे बघते. कोणी दाराकडे पाहिलं तर ‘बेल वाजते’. कोणी खिशात हात घातला तर ‘फोन वाजतो’. त्या मंगळवारी सासऱ्यांच्या खोलीत एकटी सून होती, तिने आधी कुठेच पाहिलं नाही, आणि रेघेकडे माझं लक्ष नव्हतं. म्हणून पकडले गेले. मालिकेत सकाळ असली की मी कंसात ‘पक्षी’ घालते. सकाळ म्हटल्यावर पक्षी असणारच. दादा, गेल्या वर्षभरात तू वाचलेले सगळे पक्षी मी मनाने घातलेले आहेत.

तुझं ते एका ओळीचं पत्र मी पर्समध्ये ठेवलं होतं. रोज बसमध्ये काढून रागाने वाचायचे. एका रविवारी घरात कोणी नव्हतं. मी आपलं अकरा वाद्यांचं गाणं लावलं. हल्ली सगळं मिळतं मोबाईलवर, रविवारची वाट बघावी लागत नाही. हेडफोन लावले, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. पहिल्यांदा सहा झाली. मी पुन्हा लावलं. सहा. मी सात वर्षांची असताना पहिल्या दिवशी माझी सात झाली होती. बासरीच्या जागी नुसता वारा आहे. व्हायोलिनं वर चढतात आणि एका पायरीनंतर दिसेनाशी होतात, मग खाली येताना पुन्हा सापडतात. आणि शेवटच्या कडव्याच्या आधी मी तुझ्यासारखाच माझा हात माझ्याच हाताने दाबून धरला आणि थांबले. कडवं सुरू झालं.

मी किती वेळा लावलं ते सांगत नाही.

मग तपासणीला गेले. काचेची छोटी खोली, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे पाच-सहा आले, जाडे जाडे, मी पटापट दाबले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. काचेतून पाहिलं तर डॉक्टरीणबाई एकामागून एक कळा दाबत होत्या, आणि दर वेळी मान वर करून माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मी अंगठा तसाच धरून बसले. एकदा वाटलं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून दाबावं.

त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली, डोंगरावरून उतरल्यासारखी. तुझ्याकडेही असा कागद आहे, वहिनीने मला तेव्हा दाखवला होता. त्या म्हणाल्या, हे रक्तातून येतं. घरात आणखी कोणाला? मी म्हटलं, वडील, थोरला भाऊ. मग त्या म्हणाल्या, कानाला यंत्र लावलं तर बोलणं काही काळ कळेल, पण गाणं गाण्यासारखं कळणार नाही, आणि उतार थांबवता येत नाही. किती वर्षं, विचारलं. त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. तुझं कितव्या महिन्यात काय गेलं ते मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, “मुलं आहेत?”

मी नाही म्हणाले.

सोळा वर्षांची घोडी घरी आहे आणि मी नाही म्हणाले. त्यांनी तसं लिहूनही घेतलं. बाहेर आल्यावर जिन्यात बसले. मला वाटलं होतं, मी हो म्हटलं असतं तर त्या पुढे काहीतरी बोलल्या असत्या, आणि ते एकदा कोणी बोललं की ते खरं झालं असतं. बाबा, तू, मी. त्यापुढे मी लिहीत नाही.

ऑफिसात सांगितलेलं नाही. नवे हेडफोन आले, त्यांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी त्यांचं कौतुक केलं. मोठ्या बाईंना कळलं असावं. माझ्या प्रत्येक भागावर हल्ली त्या स्वतः नजर टाकतात आणि न बोलता कंस भरतात. परवा मी ‘पक्षी’ घातले होते, त्यांनी खोडून ‘लांबून रुग्णवाहिका’ केलं. असं किती दिवस चालेल? मी तिथून उठले की माझ्या जागी कोणीतरी बसेल आणि नुसतं ‘संगीत’ लिहील. तू आधी एकदा बहिरा झालास, आता दुसऱ्यांदा होशील, आणि या वेळी माझ्यामुळे. मला याचं सगळ्यात वाईट वाटतं, आणि त्यावर मला काही करता येत नाही.

तू वाद्यवृंदात असताना आठ महिने सगळ्यांपासून लपवलंस. ड्रमवाल्याच्या पायाकडे बघून ताल धरायचास. वहिनीला कळलं तेव्हा मी केवढी चिडले होते, की मला का नाही सांगितलंस. बहिऱ्या माणसाशी महिनाभर अबोला धरणारी मी एकटीच असेन. आता कळतं, तू लपवत नव्हतास. तू रोज सकाळी उठून बघत असणार, की आज कदाचित परत आलं असेल. मीही बघते. डोळे उघडायच्या आधी खिडकीकडे कान देते.

मला एवढंच विचारायचं आहे, आणि कोणालाच विचारता येत नाही. शेवटी काय ऐकलंस? म्हणजे ठरवून ऐकलंस का काही, की नंतर लक्षात आलं की तेच शेवटचं होतं? मला ठरवता येत नाही. जुनं लावलं तर त्यातलं काय गेलं तेवढंच मोजत बसते. नवं लावलं तर त्यात काय आहे तेच कळत नाही. माणसांचं ऐकावं म्हटलं तर आमच्या घरात कोणी धड बोलत नाही, कन्या दाराआडून बोलते आणि हे तोंडात ब्रश असताना.

परवा एक गोष्ट केली. कन्येला बोलावून भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिला वाटलं शिक्षा आहे. मी आपलं गाणं लावलं आणि म्हटलं, डोळे मिट, वाद्यं किती सांग. तिने तोंड वाकडं केलं, म्हाताऱ्यांचं गाणं म्हणाली, आणि मग बोटं मोजायला लागली. मी तिच्या बोटांकडे बघत होते. पहिल्याच फेरीत दहा झाली, दादा. तुला दोन रविवार लागले होते. ती त्या धडधडीवर वाढलेली पोरगी. गाणं संपलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “आई, शेवटच्या कडव्याच्या आधी एकदाच काहीतरी टिंग झालं. ते धरायचं का?”

मी म्हटलं, “धर.”

मग मी तिला विचारलं की तुझ्या त्या जांभळ्या केसांच्या मुलीच्या गाण्यात किती वाजतात. ती म्हणाली बारा. तिने एकेक करून सांगितली. त्यात एक बासरी आहे, सगळीकडे आहे म्हणे, गाणं तिच्यावरच उभं आहे. मार्चमध्ये मी तुला त्या गाण्याबद्दल जे लिहिलं ते वाचलं असशील तर विसर. बोटीवरच्या सिनेमात भाऊ भावाच्या कानात काय बोलतो तेही विचारलं. तो म्हणतो, “तू जा, मी बघतो.” एवढंच बोलतो.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. तपासणीचा कागद कपड्यांखाली ठेवला आहे. तिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, तुझी तपासणी कर असं कोणत्या तोंडाने म्हणायचं, हे तू मला सांग. वहिनीला विचारून सांग. तुम्हाला माहीत नसेल तर तसंही लिहा, पण लिहा. मी आत्ता एवढंच केलंय, की आवाज कमी कर असं तिला म्हणणं सोडलंय. पूर्वी भिंत हलली की मी ओरडायचे. आता भिंतीला हात लावून उभी राहते. ती दारातून डोकावून विचारते, आई, मोठा झाला का? मी म्हणते, असू दे.

गाणं: जांभळ्या केसांच्या मुलीचं. वाद्यं: बारा. त्यांतली माझी चार.

सवयीने खाली ‘तुझे कान’ लिहिलं होतं, ते खोडलं. शाईचा डाग पडलाय, त्याला इलाज नाही.

तुझी,
धाकटी